दहावा माणूस



नासरेथला आल्यावर प्रभू येशू शब्बाथ दिवशी सभास्थानात गेला. ती त्याची नेहमीची सवय होती, हे संत लूक शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात मुद्दाम नोंदवतो. तेथे प्रभूने यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातून वाचन केले आणि मग त्यावर तो बोलला. आपल्या मिस्सात आधी वाचने व मग प्रवचन होते, त्याचे मूळ यहुद्यांच्या या उपासनेत आहे. आपले ‘आमेन’ आणि ‘आलेलुया’ हे शब्दही हिब्रूच आहेत.

यहुदी म्हटले की आपल्याला दूरचा देश आठवतो. पण मराठी बोलणारे यहुदी आपल्या महाराष्ट्रातच आहेत. त्यांना बेने इस्राएल म्हणतात. त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले, अशी त्यांची परंपरा सांगते. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले. गावांवरून दिवेकर, पेणकर अशी आडनावे घेतली. ग्रंथ राहिले नाहीत, हिब्रू भाषा विसरली. तरी देव एकच आहे व त्याच्यावर सर्वस्वाने प्रेम करायचे, ही ‘शेमा’ची प्रार्थना त्यांनी जपली आणि शनिवारी घाणा बंद ठेवला. म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. इतरांची ओळख त्यांच्या कामावरून होत असे; यांची ओळख देवासाठी काम थांबवण्यावरून झाली.

१७९६ साली सॅम्युएल दिवेकर यांनी मुंबईत बेने इस्राएलांचे पहिले सभास्थान उभारले. पुण्यात रास्ता पेठेत त्यांचे सभास्थान आहे. कॅम्पात डेव्हिड ससून यांनी बांधवलेले, १८६७ साली खुले झालेले ओहेल डेव्हिड आहे. त्यालाच पुणेकर लाल देऊळ म्हणतात. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना आम्ही त्यावरून कितीदा तरी गेलो. पण आत प्रार्थना कशी होते, हे आम्हांला पुष्कळ उशिरा समजले.

यहुदी परंपरेत पूर्ण सामुदायिक उपासनेसाठी तेरा वर्षांवरील दहा पुरुष लागतात. नऊच जमले, तर प्रत्येकाला आपापली प्रार्थना म्हणता येते. पण तोरा ग्रंथाची गुंडाळी काढून विधिवत वाचन होत नाही. वडील वारलेल्या मुलाला ‘कद्दिश’ ही प्रार्थना म्हणायची असली, तरी आणखी नऊ जण हवेत. नऊ विद्वान बसले असले तरी दहावा येईपर्यंत थांबावे लागते. तो दहावा हमाल असो वा सावकार, मोजणीत एकच. १९४८ नंतर बेने इस्राएलांपैकी बरेच जण इस्राएलला गेले. कोकणातल्या काही सभास्थानांत आता दहा जण जमणे कठीण असते.

छळछावण्यांतून वाचलेले यहुदी मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल सांगत, की मला जीवनापासून काय मिळेल हे विचारण्याऐवजी जीवन माझ्याकडून काय मागते ते पाहावे. आपली कुठेतरी वाट पाहिली जात आहे, हे ज्याला कळले, त्याचे जगणे वाया जात नाही.

प्रियजनहो, आपल्याकडे दहाची अट नाही. दोघे-तिघे जमले तरी आपण त्यांच्यात असू, असे अभिवचन प्रभूने दिले आहे. पण या कृपेचा आपण सोयीचा अर्थ लावतो: “मी एक नसलो तर काय अडणार आहे?” दौंडला कुणाची रेल्वेत ड्युटी असते, शिरूरकडे कुणाची कारखान्यात रविवारची पाळी असते, उसाच्या तोडीला तर वार नसतोच. या अडचणी खऱ्या आहेत. आम्ही त्यांना दोष देत नाही.

दोष असलाच तर तो आमच्याकडेही येतो. मध्यंतरी आम्ही एका वृद्ध गृहस्थांच्या घरी गेलो. पत्नी गेल्यापासून ते चर्चला आलेले नव्हते. ते शांतपणे म्हणाले, “फादर, तीन महिने झाले. माझी जागा रिकामी आहे, हे कुणाला दिसलंच नाही का?” आमच्याकडे उत्तर नव्हते. त्या रविवारी चर्च भरलेले होते आणि आम्ही त्यात समाधानी होतो.

शुभवर्तमानातला मेंढपाळ असा समाधानी नव्हता. नव्याण्णव मेंढरे असूनही त्याची मोजणी पूर्ण होत नव्हती. देवाच्या हिशेबात प्रत्येक पुरुष, प्रत्येक स्त्री, प्रत्येक बालक हा तो दहावा माणूस आहे.

तेव्हा आज मिस्सा संपल्यावर लगेच निघू नका. आपल्या बाकावर नेहमी बसणारे कोण आज दिसले नाही, ते आठवा. घरी परतण्याआधी त्यांच्या दारी जा, निदान फोन करा. का आला नाहीत, असे विचारू नका. तुमची वाट पाहिली, एवढेच सांगा. आम्हीही आजपासून तेच करणार आहोत.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.

आपले धर्मगुरू