नेम आणि निवाडा

गुन्हेगार कोण हे पोलिसांना ठाऊकच असेल, तर न्यायालयात वर्षे कशाला घालवायची? हा प्रश्न आठवीतल्या एका विद्यार्थ्याने विचारला होता. हिंगणीसारख्या गावातही आता मोबाइलवर जगभरच्या मालिका हिंदीतून दिसतात. काळे चिलखत घातलेले जवान दार फोडून आत शिरतात, तीन सेकंदांत तीन माणसे पडतात आणि ओलीस सुटतात. हे पाहणाऱ्या मुलाला असा प्रश्न पडणे साहजिक आहे. तो उडवून लावण्याऐवजी त्याचे उत्तर शोधणे हे शिक्षकाचे काम आहे, असे मला वाटते.

या जातीच्या मालिकांमध्ये ‘स्वॅट’ हे नाव मोठे. लॉस एंजेलिसच्या पोलिसांचे हे खास पथक १९६० च्या दशकात उभे राहिले. त्याच्यावर १९७५ मध्ये एक मालिका आली आणि २०१७ ते २०२५ या काळात दुसरी चालली. आपल्याकडे रोहित शेट्टी यांची ‘इंडियन पोलीस फोर्स’ २०२४ च्या जानेवारीत आली. ती दिल्ली पोलिसांवर आहे. देश वेगळे असले तरी मांडणी एकच. प्रेक्षकाने गुन्हेगाराला बॉम्ब जोडताना आधीच पाहिलेले असते. त्यामुळे जवानाने बंदूक रोखली की आपल्या मनात शंका उरत नाही. ही खात्री आपल्याला कॅमेऱ्याने दिलेली असते. खऱ्या पोलिसाजवळ असा कॅमेरा नसतो. त्याच्याजवळ खबऱ्याचा निरोप असतो, फोनचा नंबर असतो, कोणीतरी मार खाऊन दिलेला जबाब असतो. मालिका पाहणारा मुलगा ही पडद्यावरची खात्री बरोबर घेऊन रस्त्यावर येतो, आणि घोटाळा तिथून सुरू होतो.

याचा अर्थ अशी पथके नकोत असा नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत जे घडले, त्यावेळी चर्चेला वाव नव्हता. माणसे डोळ्यांदेखत मरत होती. मारणाऱ्याचा हात तिथल्या तिथे रोखणे हाच धर्म होता. त्यानंतर महाराष्ट्राने ‘फोर्स वन’ उभारले ते योग्यच केले. गडचिरोलीत १९९० च्या सुमारास सी-६० पथक निघाले. त्यात त्याच जिल्ह्यातले, गोंडी बोलणारे तरुण घेतले गेले. जंगलात लढण्याबरोबरच नक्षलवाद्यांच्या घरच्यांना भेटून त्यांना शरणागतीसाठी समजावणे हेही त्यांच्या कामात येते. मालिकेत हा भाग क्वचितच दिसतो, कारण आईशी अंगणात बसून बोलणाऱ्या जवानाला पार्श्वसंगीत देता येत नाही.

पण वाचवणे आणि शिक्षा देणे ही दोन वेगळी कामे आहेत. समोरचा माणूस गोळ्या झाडत असेल तोवर पहिले काम चालू असते. त्याचे हात बांधले गेले की ते संपते आणि दुसरे काम न्यायालयाकडे जाते. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या हातात काठी होती. त्यांनी कसाबच्या रायफलची नळी धरून ठेवली, स्वतःच्या अंगावर गोळ्या घेतल्या आणि त्याला जिवंत पकडणे शक्य केले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. कसाब जिवंत हाती लागल्यामुळेच कटाचा माग निघाला. त्याच्यावर खटला चालला, २०१२ मध्ये त्याला फाशी झाली. त्या खटल्यातली दुसरी गोष्ट आपण विसरतो. कसाबबरोबर आणखी दोन भारतीय मुसलमान आरोपी होते. मे २०१० मध्ये त्याच न्यायालयाने त्यांना या खटल्यातून निर्दोष सोडले आणि सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केले. त्या दिवसांत लोकांच्या हाती निवाडा दिला असता, तर ते दोघे जगले असते का?

मालेगावचे उदाहरण तर आपल्या घरातले. ८ सप्टेंबर २००६ ला तिथे बॉम्बस्फोट झाले. मेलेले बहुतेक मुसलमान आणि पकडले गेलेले नऊ जणही मुसलमान. २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपातून वगळले. एक जण तोवर वारला होता. दहा वर्षे हा न्याय म्हणावा एवढा छोटा काळ नाही. मुलगे त्या काळात तरुण झाले, आया म्हाताऱ्या झाल्या. तरीही त्यांना सुटायला एक दार शिल्लक होते. ज्याला शेतात उभे करून गोळी घातली, त्याला ते दारही नसते.

इथे आपल्या समाजालाही एक प्रश्न विचारला पाहिजे. ६ डिसेंबर २०१९ ला हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार संशयित पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. पोलिसांवर फुले उधळली गेली. टाळ्या वाजवणाऱ्यांत आपणही होतो. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती सिरपूरकर हे आपल्या विदर्भातले. पोलिसांनी ठार करण्याच्या हेतूनेच गोळीबार केला आणि मेलेल्यांपैकी तिघे अल्पवयीन होते, असे त्या आयोगाने २०२२ मध्ये सांगितले. मालेगावसाठी कायदा मागायचा आणि हैदराबादला टाळी द्यायची, हे एका तोंडाने कसे जमेल? त्या मुलीवर झालेला अत्याचार भयंकरच होता. पण गुन्हा जितका भयंकर, तितकी चुकीचा माणूस सापडण्याची भीतीही मोठी, कारण संतापलेल्या लोकांना कोणीतरी लगेच हवा असतो.

दोन्ही मालिकांत आणखी एक साम्य आहे. ‘स्वॅट’च्या आरंभी पथकप्रमुखाच्या गोळीने एक निरपराध काळा मुलगा जखमी होतो आणि प्रमुखपद होंडो या काळ्या अधिकाऱ्याकडे येते. ‘इंडियन पोलीस फोर्स’चा नायक कबीर मलिक आहे. ज्या समाजाकडे संशयाने पाहिले जाते, त्यातलाच माणूस नायक झाला याचा आनंद होतो. आमची मुले कबीरचे नाव अभिमानाने घेतात, घ्यावे. पण निष्ठा सिद्ध करायला प्रत्येकाने बंदूक हाती घ्यावी, ही अट असू नये. हिंगणीतला शिंपी, दूधवाला, एसटीचा वाहक हेही या देशाचेच आहेत, आणि त्यांना कोणाला मारून दाखवायचे नाही.

उर्दूच्या तासाला दोन शब्द फळ्यावर लिहिले की निम्मे उत्तर मिळते. ‘तहकीक’ हा शब्द ‘हक’ याच धातूपासून आला. सत्य काय ते पक्के करणे, म्हणजे तहकीक. आणि ‘इन्साफ’चे नाते ‘निस्फ’शी, म्हणजे अर्ध्याशी आहे. अर्धे एका बाजूचे ऐकायचे, अर्धे दुसऱ्या बाजूचे. एकच बाजू ऐकून झालेल्या निवाड्याला इन्साफ म्हणता येत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या पवनारच्या विनोबांपुढे १९६० मध्ये चंबळच्या डाकूंनी शस्त्रे ठेवली, तेव्हा त्या डाकूंनाही न्यायालय चुकले नाही. शरण आलेल्यालाही तहकीक हवी आणि पकडलेल्यालाही.

म्हणून त्या मुलाला उत्तर असे: पोलिसांना ठाऊक असते हेच अजून ठरायचे असते. न्यायालयाला उशीर होतो, फार होतो, आणि त्याबद्दल रागावण्याचा आपल्याला हक्क आहे. तो राग न्यायाधीशांची संख्या वाढावी, तपास नीट व्हावा, निर्दोष सुटलेल्याला भरपाई मिळावी यासाठी वापरायचा. मालिका जरूर पाहावी. फक्त गोळी सुटण्याआधी स्वतःला एवढे विचारावे, की हा माणूस दोषी आहे हे मला कोणी सांगितले?