दोन दोस्तांमधला तिसरा

जालन्यात कुंडलिकेच्या काठी मस्तगड आहे. निजामुल्मुल्कच्या हुकमावरून काबिलखानाने 1725 मध्ये हा किल्ला बांधला. पुढे तो शिंद्यांकडे गेला. एकमेकांचे वैरी असलेल्यांशी एकाच वेळी दोस्ती राखण्याची इंग्रजी कला समजून घ्यायला लंडनला जावं लागत नाही, या गडाचा इतिहास पुरतो.

1790 मध्ये टिपूविरुद्ध इंग्रज, पेशवे आणि निजाम एकत्र आले. टिपू नमला आणि चौथाईच्या थकबाकीवरून पेशवे आणि निजाम या दोन दोस्तांचं जुनं वैर उफाळलं. मार्च 1795 मध्ये ते खर्ड्याला लढले. गव्हर्नर जनरल जॉन शोअर तटस्थ राहिले. निजामाच्या पदरी असलेल्या कंपनीच्या दोन पलटणींनाही मराठ्यांवर हत्यार उचलायची मनाई होती. हरलेल्या निजामाने त्या पलटणींना निरोप दिला आणि रेमंड या फ्रेंच सरदाराची फौज वाढवली. शोअर यांच्यावर दुबळेपणाचा शिक्का बसला. मला मात्र त्या सगळ्या गव्हर्नरांत तेच सरळ वाटतात. दोघेही मित्र, तर एकासाठी दुसऱ्यावर गोळी झाडायची नाही, एवढं त्यांनी पाळलं.

शोअर यांच्यानंतर आलेल्या गव्हर्नर जनरल वेलस्लीचा हिशेब निराळा होता. तटस्थ राहून दोस्त गमावण्यापेक्षा दोस्तांचं भांडणच आपल्या ताब्यात घ्यावं! 1798 मध्ये हैदराबादची फ्रेंच फौज मोडली. 1802 च्या वसईच्या तहात पेशवा दुसऱ्या बाजीरावाने कबूल केलं, की निजाम आणि गायकवाड यांच्यावरच्या आपल्या दाव्यांचा निवाडा इंग्रज करतील. म्हणजे पंच तेच, आणि त्यांच्या फौजेचा खर्च वादी-प्रतिवादींच्या मुलखातून.

या तहानंतर इंग्रजांचं शिंद्यांशी युद्ध पेटलं. सप्टेंबर 1803 मध्ये इंग्रजांच्या स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला शिंद्यांकडून घेतला. तीन आठवड्यांत याच जिल्ह्यात असईची लढाई झाली. मग जिंकलेल्या मुलखाची वाटणी झाली. नगर पेशव्यांना, जालना आणि वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाला. दिल्ली, भडोच, कटक मात्र कंपनीला.

हीच कला पुढे सायप्रसमध्येही दिसली. तिथे ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यासोबत ब्रिटन 1960 मध्ये हमीदार झालं. 1974 मध्ये तुर्की फौज उतरली तेव्हा ब्रिटन लढलं नाही. ब्रिटनचे दोन लष्करी तळ मात्र आजही तिथे आहेत.

पुन्हा जालन्याकडे वळू. पेशवाई 1818 मध्ये बुडाली. निजामाच्या खर्चाने उभ्या केलेल्या, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीतल्या फौजेसाठी 1827 मध्ये जालन्यात छावणी झाली. याच फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी 1853 मध्ये कंपनीने निजामाकडून वऱ्हाड काढून घेतला.