आधी ठरवा, मग छापा

लग्नसराई जवळ आली की छोट्या छापखान्यांत रात्री उशिरापर्यंत यंत्रे चालू असतात. निकाहच्या पत्रिका, वलीम्याची निमंत्रणे, शिवाय दुकानदारांची बिलबुके. या व्यवसायात असलेल्या आपल्या बांधवांनी, आणि त्यांच्या ग्राहकांनीही, एक गोष्ट ध्यानात घ्यावी : येथे विकली जाणारी वस्तू सौद्याच्या वेळी अस्तित्वातच नसते.

जवळ नसलेली वस्तू विकू नये, हा शरीअतचा सर्वसाधारण नियम. तरीही ऑर्डर देऊन वस्तू बनवून घेण्याच्या व्यवहाराला, म्हणजे 'इस्तिस्नाअ'ला, हनफी फुकहांनी लोकांची गरज व पूर्वापार रूढी पाहून मान्यता दिली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी राजांना पाठवायच्या पत्रांसाठी चांदीची मुद्रांकित अंगठी बनवून घेतली होती, हे हजरत अनस (रजि.) यांच्या हदीसमध्ये आले आहे. मात्र वस्तूचे वर्णन इतके स्पष्ट हवे की पुढे वादाला जागा राहू नये. 'तुम्ही छापा, पैशांचे नंतर बघू' ही आपल्याकडची आपुलकीची भाषा या अटीत बसत नाही. कागद 300 जीएसएमचा की 250चा, रंग किती, नग किती, पाकिटे दरात धरली की वेगळी, माल कोणत्या दिवशी मिळणार, हे सारे बयाणा घेण्यापूर्वीच लिहून काढावे. कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत, सूरह अल-बकराची 282वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे. पत्रिका मामेभावाच्या लग्नाची असली तरी लिहावे. किंबहुना तेव्हा तर अवश्य लिहावे.

नफ्याची टक्केवारी शरीअतने बांधून दिलेली नाही. मदीनेत भाव चढले तेव्हा लोकांनी विनंती करूनही प्रेषितांनी (स.) दर ठरवून दिले नाहीत. घाईच्या कामाला जादा दर लावणे गैर नव्हे. पण तो काम घेताना सांगावा, ग्राहक अडला आहे हे पाहून पत्रिका तयार झाल्यावर नव्हे. आणि 300चा दर घेऊन 250चा कागद वापरणे, 500च्या गठ्ठ्यात 480 पत्रिका बांधणे, ही उघड फसवणूक आहे. प्रेषितांनी (स.) धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा शोधला आणि तो वर, लोकांना दिसेल असा, का ठेवला नाही, असे विक्रेत्याला विचारले होते. गठ्ठ्याच्या आत कोणी हात घालत नाही, हे छापणाऱ्यालाही ठाऊक असते.

आता ग्राहकाकडे वळू. तयार वस्तू पाहून ग्राहक ती नाकारू शकतो, असे इमाम अबू हनीफा (रह.) यांचे मत आहे; वर्णनाबरहुकूम असल्यास ती घेणे बंधनकारक आहे, असे इमाम अबू यूसुफ (रह.) यांचे. उस्मानी राजवटीच्या 'मजल्ला' या दिवाणी संहितेने हे दुसरे मत स्वीकारले. छपाईला तेच लागू पडते असे मला वाटते. वधूवरांची नावे छापलेली पत्रिका छापखानेवाल्याने दुसऱ्या कोणाला विकावी? प्रूफ तपासून सही केल्यावर 'रंग मनासारखा नाही' म्हणून पैसे कापणे हा जुलूमच आहे. प्रूफात ग्राहकाच्या नजरेतून सुटलेली चूक ग्राहकाची. खूण करूनही न सुधारलेली चूक छापखान्याची, आणि त्या पत्रिका त्याने स्वखर्चाने पुन्हा छापून द्याव्यात.

कोकणातील शाफिई बांधवांच्या मजहबमध्ये असा व्यवहार 'सलम'च्या नियमांखाली येतो व त्यात पूर्ण रक्कम आगाऊ द्यावी लागते. त्यांनी ऑर्डर देण्याआधी आपल्या आलिमांना विचारून घ्यावे.