विटा कोणाच्या, शाळा कोणाची?

दिवाळीनंतर कल्याणहून टिटवाळा-खडवलीच्या बाजूला जाणे झाले, तर वीटभट्ट्यांचा धूर दिसू लागतो. भट्टीच्या कडेला विटा रचून, वर पेंढा टाकून उभारलेल्या झोपड्या असतात. त्यांना भोंगा म्हणतात. त्यांत राहणारी पुष्कळशी कुटुंबे कातकरी असतात, शहापूर-मुरबाडच्या वाड्यांतून आलेली. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत आपण ज्या घरांत राहतो, त्यांच्या कितीतरी भिंती अशाच हातांनी थापलेल्या विटांच्या आहेत. म्हणून या कुटुंबांचा प्रश्न परक्यांचा आहे असे आम्हांस म्हणवत नाही. तो प्रश्न असा: कायदा सर्वांना सारखा असला, म्हणजे न्याय झाला काय?

कातकरी हे नावच कातावरून पडले. खैरापासून कात काढणे हा या समाजाचा परंपरागत व्यवसाय. इंग्रजी अमदानीत जंगले राखीव झाली, १८७८ च्या वन कायद्याने पकड घट्ट केली आणि तो व्यवसाय हातचा गेला. बहुतेकांपाशी जमीन नव्हती. उरली ती मजुरी. आज महाराष्ट्रातील ज्या तीन जमाती केंद्र सरकारने विशेष असुरक्षित मानल्या आहेत, त्यांत कोलाम व माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी आहेत.

पावसाळ्यात घरातला दाणा संपतो, तेव्हा भट्टीची उचल घ्यावी लागते. ती फेडण्यासाठी सारे कुटुंब भट्टीवर जाते. हजार विटांमागे दर ठरतो आणि तो नवरा-बायकोच्या जोडीचा असतो. आठवड्याला खर्चीपुरते पैसे मिळतात. हिशेब हंगामाच्या शेवटी होतो. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, परंतु उचलीने बांधलेले हात अद्याप पुरते सुटलेले नाहीत. आई-बाप चिखल तुडवीत असताना थोरली मुलगी धाकट्याला कडेवर घेते आणि वाळत घातलेल्या विटा उलटवते. गावच्या शाळेत त्या वेळी तिची गैरहजेरी लागत असते.

कायदा निर्दय आहे, असे मात्र कोणी म्हणू नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने वयानुरूप वर्गात प्रवेश दिला, वयाच्या दाखल्यावाचून मुलाला परत पाठवू नये असे बजावले, आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना शाळेत घेण्याचे कर्तव्य स्थानिक प्राधिकरणावर टाकले. तरीही शाळा, अंगणवाडी, दाखले ही सारी व्यवस्था घराला कायमचा पत्ता असतो असे गृहीत धरून चालते. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जमातीच्या कुटुंबाकडे ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्याचा आजा शाळेत गेला नाही आणि ज्याचे नाव सातबाऱ्यावर चढले नाही, त्याने तो कोठून आणावा? नियम सर्वांना एकच; पण ज्याला आधाराची गरज सर्वांत अधिक, तोच त्या नियमाच्या दाराबाहेर राहतो.

येथे कोणी म्हणेल, “मुलांना आश्रमशाळेत ठेवून का जात नाहीत? आई-बापांनाच पर्वा नाही.” आश्रमशाळांनी अनेक आदिवासी मुलांना घडविले आहे, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. परंतु सहा वर्षांच्या लेकराला आईपासून दूर ठेवणे हाच शिक्षणाचा एकमेव मार्ग असेल, तर ती निवड खरोखर मोकळी आहे काय? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आई-वडिलांना मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक म्हटले. ते वचन केवळ पक्क्या घरात राहणाऱ्यांपुरते नसावे.

या बाबतीत ख्रिस्तसभेपाशी एक कटू अनुभव आहे. कॅनडात सरकारच्या धोरणानुसार मूलनिवासींची मुले घरांपासून तोडून निवासी शाळांत ठेवली गेली. त्यांपैकी अनेक शाळा कॅथलिक संस्थांनी चालविल्या. जुलै २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तेथे जाऊन क्षमा मागितली. आपल्या आश्रमशाळा तशा सक्तीच्या नाहीत, आणि दोहोंना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. पण धडा एकच आहे: कुटुंब मोडून मुलाचे भले करू पाहणारे धोरण हेतूने चांगले असले, तरी जखम करू शकते.

याच्या उलट वाटही आपल्याच मुलखात निघाली. १९९० च्या दशकात विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवरच भोंगाशाळा चालविल्या. मूल शाळेकडे येत नाही, तर शाळेने मुलाकडे जावे, इतका साधा तो विचार. आमच्या मते न्याय म्हणतात तो हाच. सर्वांना एकाच ठिकाणी बोलावणे ही समता झाली; ज्याला येता येत नाही त्याच्यापर्यंत चालत जाणे हा न्याय.

निर्गमाच्या पहिल्याच अध्यायात विटा थापणारे गुलाम आहेत आणि त्याच अध्यायात त्यांच्या तान्ह्या मुलांवर राजाची आज्ञा सुटते. श्रम आणि लेकरे यांची ही गाठ पवित्र शास्त्राने आरंभीच दाखविली आहे. आगमनकाळात आपल्या धर्मग्रामांतून भट्ट्यांवर कपडे व फराळ जावा. पण तेवढ्यावर थांबू नये. आपल्यांत निवृत्त शिक्षक पुष्कळ आहेत. तेथे मुले किती, ती कोणत्या शाळेच्या पटावर आहेत, जवळच्या शाळेने त्यांना घेतले काय, एवढे त्यांनी विचारावे आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावे. ज्या प्रभूचा जन्म शिरगणतीच्या हुकमाने वाटेला लागलेल्या कुटुंबात झाला, त्याच्या नावाने एवढे तरी आपल्याकडून व्हावे.