दात्याची आपत्ती

विश्वजित् यज्ञात यजमानाने आपले सर्वस्व दक्षिणा म्हणून द्यावे, असा विधी आहे. आणि या विधीवरून जैमिनींच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात असा प्रश्न उपस्थित झाला आहे की, मनुष्य ज्यांना माझे माझे म्हणतो ते त्याचे आप्तही या सर्वस्वात मोजावयाचे काय. सिद्धान्त असा ठरला की, ज्यावर दात्याची प्रभुता चालते तेवढेच त्याला देता येते, आणि आप्तांवर तशी प्रभुता कोणाचीच नसते. याज्ञवल्क्याने तर देय वस्तूंचा नियम सांगताना पत्नी आणि पुत्र यांना स्पष्ट शब्दांत वगळले. असे असूनही ज्या परंपरेने हा निषेध घातला तिनेच दत्तविधानाचे सविस्तर प्रकरण रचले, आईबापांच्या हातून जलपूर्वक पुत्र दुसऱ्याच्या ओटीत घालण्याला होमासह मान्यता दिली. जे माझे धन नाही ते मी कोणत्या अधिकाराने द्यावे, आणि दिल्यावर मी दाता ठरतो की अपराधी, हा प्रश्न मीमांसकांपुरता राहिलेला नाही. आजही एखाद्या इस्पितळाच्या प्रसूतिकक्षात, पोटचे बाळ आपल्याकडे ठेवावे की दत्तक जाऊ द्यावे या विचाराने रात्र काढणाऱ्या स्त्रीपुढे तो जसाच्या तसा उभा असतो.

धर्मशास्त्राने याचे जे उत्तर दिले त्यातील एका अटीकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. मनूने दत्तक पुत्राचे लक्षण सांगताना आईबापांनी त्याला आपत्काली दिलेले असावे असे म्हटले आहे. ही आपत्ती कोणाची, याविषयी टीकाकारांत एकवाक्यता नाही. काहींनी ती घेणाऱ्याची, म्हणजे पुत्रहीनतेची मानली. मिताक्षराकार विज्ञानेश्वराने मात्र, आपत्ती नसताना पुत्र देऊ नये आणि हा निषेध देणाऱ्याला उद्देशून आहे, असा निःसंदिग्ध निर्वाळा दिला. मला हे वाक्य त्या सबंध प्रकरणातील सर्वांत मानवी वाक्य वाटते; कारण मूल देणे हे स्वामित्वाचे प्रदर्शन नसून संकटाने लादलेला निर्णय आहे, आणि म्हणून ते देण्याजोगे आहे की नाही हे ठरविण्याआधी संकट खरे आहे की नाही हे पाहिले पाहिजे, असा त्याचा अर्थ होतो.

दुर्दैवाने पुढील पंडितांचे आणि त्यांच्यामागून आलेल्या न्यायाधीशांचे सारे लक्ष घेणाऱ्याकडे गेले. पिंड कोण देणार, वतन कोणाकडे जाणार, इनाम खालसा होणार की चालू राहणार, विधवेने घेतलेला दत्तक भाऊबंदांवर बंधनकारक आहे की नाही, या वादांत पिढ्यान्‌पिढ्या खर्ची पडल्या. महाराष्ट्रात दत्तक हा शब्द उच्चारताच १८४८ साली खालसा झालेली साताऱ्याची गादी आठवते, १८५४ ची झाशी आठवते. ज्या घरातून ते मूल उचलले गेले त्या घरातील आईची आठवण कोणाही बखरकाराला किंवा वकिलाला झालेली नाही. वसिष्ठाच्या धर्मसूत्रात पतीच्या अनुज्ञेवाचून स्त्रीने पुत्र देऊ नये व घेऊही नये असे आहे, त्यामुळे जिला पतीच नाही तिने काय करावे याचा विचार त्या चौकटीत मावतच नव्हता. तो विचार शास्त्राने सोडला, पण इतिहासाने सोडला नाही. वनपर्वातील कुंती अविवाहित आहे, राजकन्या आहे, आणि एवढ्या मोठ्या राजवाड्यात तिला सल्ला विचारण्यासाठी एक धात्री तेवढी आहे. मेण लावलेल्या पेटीत बाळ ठेवून ती अश्वनदीत सोडते. पुढे कृष्ण जेव्हा कर्णाला त्याचे कुल सांगतो, तेव्हा कर्ण जे उत्तर देतो त्यात त्याला वाढविणाऱ्या राधेला वात्सल्याने फुटलेल्या पान्ह्याचा आणि तिने काढलेल्या मलमूत्राचा उल्लेख आहे. आपल्याकडील कीर्तनकार हा प्रसंग कर्णाच्या निष्ठेसाठी रंगवतात. मला त्यात कुंतीच्या एकाकीपणाचा हिशेब दिसतो. पेटीला मेण लावणारी आई निर्दय नव्हती. तिला पेटीखेरीज दुसरे काही देऊ करणारा कोणी नव्हता, एवढेच.

ऐतरेय ब्राह्मणातील अजीगर्ताची कथा याच्या उलट टोकाची आहे. उपासमारीने पीडलेला हा ऋषी शंभर गायी घेऊन मधला मुलगा शुनःशेप बळी जाण्यासाठी देतो. थोरला स्वतःला हवा असतो, धाकटा बायकोला. इथवर क्षुधा हे कारण पुढे करता येईल. पण यूपाला बांधण्यासाठी आणखी शंभर गायी आणि मारण्यासाठी आणखी शंभर, असा तो सौदा वाढवीत जातो, तेव्हा आपत्ती केव्हाच संपलेली असते आणि उरतो तो व्यापार. शुनःशेप सुटल्यावर विश्वामित्राच्या मांडीवर बसतो आणि परत मागणाऱ्या बापाकडे जाण्याचे साफ नाकारतो. मुलाला मोबदला घेऊन देऊन टाकणारे मध्यस्थ, सुईणी आणि खाजगी रुग्णालयांतील दलाल आजही अधूनमधून पकडले जातात. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात मुलाच्या विक्रीला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड सांगितला आहे. परंतु त्याच अधिनियमाने, परिस्थिती हाताबाहेर गेल्यामुळे जन्मदात्यांनी मूल टाकले असे दिसून आल्यास ते जाणूनबुजून टाकले असे मानू नये, असाही अपवाद घातला. कुंती आणि अजीगर्त यांना एका पिंजऱ्यात उभे करू नये एवढा विवेक संसदेला सुचला, ही समाधानाची गोष्ट आहे.

तो विवेक सुचण्यापूर्वी या प्रांतात बरेच घडून गेले. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नामक तरुण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा फर्मावली गेली, पुढे ती कमी झाली. तिच्यावर वृत्तपत्रांत जी चिखलफेक झाली तिच्या संतापातून ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. त्याच्याही आधी, १८६३ साली, जोतीराव फुले यांनी पुण्यात स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते आणि १८७५ साली पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने तशाच हेतूची संस्था उभी राहिली. जोतीरावांच्या जाहिरातीत एक गोष्ट अशी होती की जी त्या काळच्या परोपकारी गृहस्थांना सहसा सुचत नसे: गुप्तपणे व सुरक्षित बाळंत व्हावे, आणि मूल बरोबर न्यावे की तेथेच ठेवावे हे बाईने आपल्या मर्जीने ठरवावे. तेथे राहिलेल्या एका विधवेचा मुलगा जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी दत्तक घेतला. तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत. शास्त्राने आपत्तीची अट घातली होती, जोतीरावांनी आपत्तीत सापडलेल्या बाईला घर दिले आणि मगच तिची मर्जी विचारली. क्रम हाच असला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

कारण निराधार अवस्थेत दिलेली संमती ही संमतीच्या नावाखाली शरणागती असते. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली लक्ष्मीकांत पांडे यांच्या अर्जावर निकाल देताना, मूल जन्मण्यापूर्वी आईबापांकडून दत्तकाविषयी निर्णय घेववू नये असे बजावले होते ते याचसाठी. आजची रीत अशी की, मूल सोडू इच्छिणाऱ्या पालकांनी जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे यावे. तेथे चौकशी आणि समुपदेशन झाल्यावर समर्पणाचा दस्तऐवज व्हावा. विवाहित जोडप्याच्या बाबतीत दोघांच्या सह्या असाव्यात, अविवाहित मातेच्या बाबतीत तिची एकटीची पुरे. आणि सही झाल्यावरही फेरविचारासाठी दोन महिन्यांची मुदत असावी, जिच्या आत तिला आपले मूल परत मागता येते. वसिष्ठाने जिला देण्याचा अधिकारच नाकारला होता तिची सही आज स्वयंपूर्ण ठरते, हे अंतर लहान नाही. बाळंतिणीला सव्वा महिना उंबरठा ओलांडू देऊ नये असे मानणाऱ्या आपल्या समाजाला, तिने आयुष्यातील सर्वांत अवघड निर्णय या सव्वा महिन्यानंतर उरणाऱ्या तीन आठवड्यांत पक्का करावा, ही अपेक्षा मात्र थोडी घाईची वाटायला हवी.

या दोन महिन्यांत तिला काय सांगितले जाते यावर त्या समर्पणाची नैतिक किंमत अवलंबून आहे. मूल आपल्याकडे ठेवावयाचे झाल्यास बालसंगोपन योजनेतून दरमहा काही मदत मिळू शकते, काही काळ प्रतिपालक कुटुंबाकडे मूल सोपवून पुन्हा घेण्याचीही सोय कायद्यात आहे, १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विचारता येते, आणि यातले काहीच नको असेल तर मान्यताप्राप्त दत्तक संस्थेमार्फत मूल रीतसर दुसऱ्या घरी जाते, इतके सारे तिच्यापुढे सावकाश मांडले गेले तरच तिची सही दान ठरते. केवळ गरिबीमुळे मूल जात असेल तर ती आपत्ती निवारण्याजोगी होती, आणि न निवारल्याचा दोष तिच्या माथी मारणे अन्याय आहे. श्रीमंत घरात बाळ सुखी होईल अशी तिची समजूत घालणाऱ्या सज्जनांविषयी मला म्हणूनच फारसा आदर नाही. तितकाच अनादर, मातृत्वाची स्तोत्रे गाऊन तिला मूल ठेवण्यास भाग पाडणाऱ्यांविषयी आहे. सारी मदत समोर असतानाही, हे मूल मला वाढविता येणार नाही असे जी विचारपूर्वक म्हणते, तिने आपली मर्यादा ओळखून मुलाचे हित पाहिले आहे. तिला कृतघ्न, पाषाणहृदयी म्हणणारे घरोघरचे नातलग तिच्याजागी एक रात्र काढू शकणार नाहीत.

मुलाचा प्रश्न उरतोच. शुनःशेपाला बाप समोर उभा दिसला म्हणून तो त्याला नाकारू शकला, कर्णाला आई भेटायला आली म्हणून तो तिला चार पुत्रांचे अभय देऊ शकला. आजच्या दत्तक मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी अर्ज करता येतो, मात्र जन्मदात्रीने गुप्तता मागितली असेल तर तिच्या संमतीवाचून तिचे नाव उघड होत नाही. दोन्ही बाजूंनी हे अपुरे वाटते. मुलाला आपला उगम जाणण्याची ओढ असते, तशीच त्या बाईलाही, जिने वीस वर्षांपूर्वी कोणाला न सांगता सही केली आणि नंतर दुसरा संसार थाटला, आपले दार अवचित ठोठावले जाऊ नये अशी भीती असते. समर्पणाच्या वेळीच समुपदेशकाने तिला, घराण्यातील आजारांची माहिती आणि वाटल्यास चार ओळींचे पत्र दस्तऐवजासोबत ठेवता येईल काय, हे विचारावे. ती नाही म्हणाली तर दुसऱ्यांदा विचारू नये.