नकलेखालची सही

परवा तापकीर चौकातला एक पक्षकार आला. भाड्याच्या खोलीची अनामत परत मिळत नव्हती. मोबाइल टेबलावर ठेवून म्हणाला, "साहेब, घरमालकानं व्हॉट्सअॅपवर कबूल केलंय. हा स्क्रीनशॉट, झाला पुरावा!" मूळ मेसेज विचारले, तर जुना मोबाइल विकून टाकलेला. काळेवाडीत वकिली करताना हे रोज ऐकतो. पण तरुण वकीलही तसंच बोलू लागलेत, याचं वाईट वाटतं. यंत्र आलं म्हणजे माणसाच्या सहीचं काम संपलं, अशी समजूत झालीय.

तलाठ्याच्या उताऱ्याखाली 'अस्सल बरहुकूम खरी नक्कल' असा शेरा असायचा आणि त्याखाली सही. मोडी गेली, टाइपरायटर आला, झेरॉक्स आली, तरी सही राहिली. 1872च्या पुरावा कायद्याने तिला आधार दिला. 2000च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने त्यात कलम 65-ब घातलं, म्हणजे संगणकातल्या नकलेलाही प्रमाणपत्र. आज सातबारासुद्धा डिजिटल सहीनिशी मिळतो.

खरा घोळ 65-बवरून झाला. संसद हल्ल्याच्या खटल्यात, 2005 साली, सर्वोच्च न्यायालय म्हणालं, प्रमाणपत्र नसलं तरी चालेल. 2014मध्ये म्हणालं, हवंच. 2018मध्ये पुन्हा सैल केलं. शेवटी 14 जुलै 2020ला अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या आपल्या जालन्याच्या प्रकरणात ते पुन्हा सक्तीचं झालं. तेव्हापासून ऐकतोय, न्यायालयाने तंत्रज्ञान कागदात अडकवलं. निकाल नीट वाचला की हे पटत नाही.

वाद 2014च्या विधानसभा निवडणुकीचा होता. खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला का? निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणाच्या सीडी होत्या, पण पुन्हा पुन्हा मागूनही प्रमाणपत्र मिळालं नाही. न्यायालय म्हणालं, मूळ उपकरणच मालकाने साक्षीला येऊन सिद्ध केलं, तर प्रमाणपत्र नको. नक्कल आणलीत, तर हवं. पण ज्याने मिळवायची सगळी खटपट केली, त्याचं नुकसान होऊ देणार नाही. खोतकरांचं अपील फेटाळलं गेलं. न्यायालयाच्या या तिन्ही वाक्यांत माणूसच आहे. यंत्राची उलटतपासणी घेता येत नाही, सही करणाऱ्याची घेता येते.

जुन्या पुरावा कायद्याच्या जागी 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63ने हेच पुढे नेलं. आता प्रमाणपत्राच्या नमुन्याचे दोन भाग आहेत, एक पक्षकाराचा, एक तज्ज्ञाचा, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, तीही लिहायची.

बोलता बोलता कळलं, घरमालकाचे मेसेज पक्षकाराच्या पत्नीच्या मोबाइलवरही होते. "मग सही त्यांची लागेल," मी म्हटलं. "तिला कोर्टात यावं लागेल?" "लागेल."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. मोबाइलवर आयएमईआय काढून आकडे स्वतः सांगितले, मी नमुन्यात भरले. मग त्यांनी तो कागद माझ्याकडून घेतला, ओळ न् ओळ वाचली आणि मगच पेन मागितलं.