तारापूरचं इंधन, बोईसरचे ड्रम

या गोष्टीतली माणसं रचलेली आहेत. देश, करार आणि तारखा मात्र खऱ्या.

2020 चा जुलै. बोईसरच्या एमआयडीसीतला भाऊंचा पॅरासिटामॉलचा कारखाना थंड पडला होता. टाळेबंदीत गावी गेलेले कामगार हळूहळू परतत होते, पण आल्यावर करायचं काय? पॅरासिटामॉल बनतं पॅरा-अमिनोफेनॉलपासून. धंद्यात त्याला नुसतं पीएपी म्हणतात, आणि भाऊंचं पीएपी चीनहून यायचं. माल न्हावा शेवाला उतरलाही होता. पण 15 जूनच्या रात्री गलवानच्या खोऱ्यात आपले 20 जवान गेले आणि आठवड्याभरात चीनहून आलेला माल बंदरात अडकू लागला. कस्टम्सवाले एकेक कंटेनर तपासत होते. भाऊंचे ड्रम त्याच रांगेत. वर त्या चिनी व्यापाऱ्याचा मेल आला : पुढच्या खेपेचा भाव वाढला आहे, आणि पैसे आधी.

"रक्त आपलं सांडलं आणि भाव यांनी वाढवायचा!" भाऊंनी फोन टेबलावर आपटला. "आजपासून चीनचा खिळाही घ्यायचा नाही."

कोपऱ्यात खतावणी घेऊन बसलेले मामा काही बोलले नाहीत. मामा चिंचणीचे. टॅप्समध्ये, म्हणजे तारापूरच्या अणुकेंद्रात, उभी नोकरी करून निवृत्त झालेले. घरी करमत नाही म्हणून भाच्याचा हिशेब बघायचे. चहा आला तेव्हा म्हणाले, "आमच्या केंद्रात 1995 ला चीनचं युरेनियम आलं होतं, ठाऊक आहे?"

भाऊ बघतच राहिले. "चीनचं? तारापूरला?"

"मग! पण ते नंतरचं झालं. आधीचं ऐक."

मामांना ही गोष्ट सांगायची हौस होती आणि घाई नव्हती. 1963 साली अमेरिकेशी करार झाला. दोन्ही अणुभट्ट्या जनरल इलेक्ट्रिकच्या. 28 ऑक्टोबर 1969 पासून वीज विकायला लागली. भट्ट्यांना समृद्ध युरेनियम लागतं, ते आपल्याकडे तयार होत नव्हतं. अमेरिकेने ते 30 वर्षं पुरवायचं. हैदराबादला त्याच्या इंधनकांड्या बनायच्या आणि तारापूरला यायच्या. करारात एक अट होती, तिच्यावर मामा नेहमी थांबायचे : या केंद्रात अमेरिकेखेरीज दुसऱ्या कुणाचं इंधन घालायचं नाही.

"लग्नात सासऱ्याने घातलेली अंगठी काढायची नाही म्हणतात ना, तसं," मामा म्हणाले. "सुरुवातीला कौतुकच वाटतं."

मे 1974 मध्ये पोखरणला स्फोट झाला. त्या स्फोटाचा तारापूरच्या इंधनाशी संबंध नव्हता, पण अमेरिकेत सूर पालटला. 1978 ला तिथे कायदा झाला : ज्या देशाचे सगळे अणुप्रकल्प तपासणीला खुले नाहीत, त्याला इंधन नाही. आपण म्हणालो, करार आधीचा आहे, कायदा नंतरचा. कार्टर साहेबांनी 1980 मध्ये 38 टन इंधन पाठवायचं ठरवलं, तर त्यांच्या एका सभागृहाने नको म्हटलं आणि सेनेटमध्ये 48 विरुद्ध 46 मतांनी ते कसंबसं सुटलं.

"दोन मतं, भाऊ. वॉशिंग्टनातल्या दोन मतांवर आमची पाळी चालायची की नाही ते ठरत होतं."

"मग बंद का नाही केलं त्यांनी एकदाचं?"

इथे मामांनी कप खाली ठेवला. जळून झालेलं इंधन तारापूरच्या पाण्याच्या टाक्यांत साठत होतं. त्यातून प्लुटोनियम निघतं. करार चालू होता तोवर अमेरिकेच्या संमतीशिवाय आपण त्याला हात लावणार नव्हतो, आणि आंतरराष्ट्रीय तपासनीस येऊन मोजदाद करायचे. अमेरिकेने पुरवठा तोडला, तर दिल्ली म्हणणार, करार तुम्ही मोडलात, आता आमच्यावरही अट नाही. म्हणजे इंधनाची किल्ली त्यांच्याकडे आणि इंधनाच्या राखेची आपल्याकडे. म्हणून 1982 मध्ये इंदिराबाई रेगनना भेटल्या तेव्हा वाट निघाली : करार तसाच ठेवायचा, इंधन फ्रान्सने द्यायचं. कुणाचं नाक कापलं गेलं नाही. भांडण कागदावरच राहिलं.

"आणि मग?"

"मग काय! 1993 ला करार संपला. चीनने दिलं, पुढे 2001 ला रशियाने दिलं. तोवर आमच्या लोकांनी प्लुटोनियम मिसळलेलं इंधनही त्या भट्ट्यांत वापरून पाहिलं. शेजारी 540 मेगावॅटच्या दोन नव्या भट्ट्या उभ्या राहिल्या, 2005 आणि 2006 ला. आपल्या आराखड्याच्या, साध्या युरेनियमवर चालणाऱ्या. अमेरिकेने एकदा नाडी ओढली, आम्ही दुसरा पायजमा शिवून घेतला."

मामांच्या या ऐटीत एक गोष्ट राहून जायची, ती सांगायला हवी. दुसरा पायजमा शिवायला तीस वर्षं लागली, आणि त्या नव्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरणच्या लोकांना घरं सोडावी लागली. स्वावलंबनाचं बिल कुणाच्या नावावर फाडलं जातं, हे बहुधा दिल्लीत बसून दिसत नाही.

भाऊंना गोष्ट आवडली, कारण तिच्यात ते स्वतःला भारताच्या जागी बघत होते. मामांनी मग शांतपणे एक छापील मेल पुढे सरकवला. जर्मनीतल्या गिऱ्हाइकाचा. 3 मार्चला आपल्या सरकारने पॅरासिटामॉलसकट 26 औषधद्रव्यांची आणि त्यांच्या औषधांची निर्यात रोखली होती. पॅरासिटामॉलच्या मूळ औषधद्रव्यावरची, म्हणजे भाऊंच्या मालावरची, बंदी उठायला मेअखेर उजाडली. गिऱ्हाइकाने सभ्य भाषेत लिहिलं होतं की यापुढे निम्मी मागणी दुसरीकडे देत आहोत.

"पण ती बंदी काय मी घातली होती?"

"त्या चिनी व्यापाऱ्याने तरी गलवानला कुठे बंदूक धरली होती?"

भाऊ त्या दिवशी लवकर घरी गेले. मात्र दुसऱ्या दिवशी त्यांनी 'खिळाही नाही'ची भाषा केली नाही. गुजरातमधल्या एका कारखान्याचा पीएपीचा नमुना मागवला. भाव चढा, माल थोडा. चीनला निम्मी ऑर्डर लिहिली आणि उरलेली का दिली नाही, तेही लिहिलं. व्यापाऱ्याने भाव उतरवला नाही, पण आगाऊ पैशांची अट सोडली. आपलं शहाणपण फळलं असं भाऊंना वाटलं. देशाचं म्हणाल, तर चिनी मालावर बहिष्काराच्या एवढ्या घोषणा होऊनही 2021 मध्ये दोन्ही देशांचा व्यापार 125 अब्ज डॉलरच्या वर गेला, आणि त्यात विकत घेणारे मुख्यतः आपणच होतो. सीमेवर सैन्य समोरासमोर उभंच होतं. व्यापाराने शांतता येते म्हणणाऱ्यांनी आणि व्यापार तोडला की शत्रू नमतो म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही हा आकडा जवळ ठेवावा.

ड्रम सुटले, बॅच निघाली. आता माल दळायचा. ते काम सालवडच्या एका गाळ्यात व्हायचं. तिथल्या पोराला मशीन घ्यायला भाऊंनीच पैसे दिले होते, एका बोलीवर : दुसऱ्या कुणाचा माल दळायचा नाही. पोर चार वर्षं ती बोली पाळत होता. बिलं मात्र भाऊ सवडीने द्यायचे, आणि टाळेबंदीत त्याचे फोन उचलले नव्हते.

भाऊ स्वतः गाळ्यावर गेले, तर मशीन चालू होतं आणि गोण्यांवर सरीगामच्या कंपनीचं नाव.

"माझ्या पैशाच्या मशीनवर?"

"तुमचे पैसे गेल्या दिवाळीला फिटले, भाऊ. वहीत आहे. तीन महिने मशीन बंद होतं, पोरांना पगार कुठून देऊ?"

"आपली बोली काय होती?"

"बोलीत तुम्ही काम देणार होता."

भाऊंचा आवाज चढला. उपकार, इमान, गावकी, सगळं निघालं. पोर मान खाली घालून ऐकत राहिला, मग म्हणाला, "मार्चच्या आधीच्या तुमच्या तीस गोण्या दळून तयार आहेत. नीट झाकून ठेवल्यात. मागचं बिल मिटवा आणि टेम्पो पाठवा."

भाऊंनी मामांकडे पाहिलं. मामा आपले भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते.

चेक लिहून झाल्यावर भाऊंनी विचारलं, "आणि नवी बॅच उद्या आणली तर?"

"आणा की. सरीगामवाल्यांची झाली की लगेच लावतो."